डोंगल आणि महिला सभा

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

तू सरपंच झालीस, फार बरं वाटलं. पण ‘बाई आहे, समजुतीनं घेईल’ हे जे सगळे म्हणताहेत, ते मनावर घेऊ नकोस. बायकांचा कारभार वेगळा होतो हे खरं. त्याचं कारण मात्र स्वभावात शोधू नये.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पश्चिम बंगालमधलं बीरभूम आणि राजस्थानातलं उदयपूर इथल्या पंचायती तपासल्या. तो अभ्यास २००४ साली छापून आला. राखीव जागांवर आलेल्या बायकांनी दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. रस्त्यांवर मात्र बीरभूममध्ये जास्त आणि उदयपूरमध्ये कमी! बीरभूमच्या बायकांना रस्त्याच्या कामावर मजुरी मिळायची, म्हणून त्या रस्ता मागत होत्या. उदयपूरला रस्ता ही पुरुषांची मागणी होती. म्हणजे सरपंचापर्यंत कोणाचं गाऱ्हाणं पोचतं, त्यावर कारभार ठरतो.

म्हणून महिला सभा नेटानं घे. ग्रामसभेआधी ती घ्यायची हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. बऱ्याच ठिकाणी शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करतो आणि सभा झाली असं लिहून टाकतात. तसं चालवून घेऊ नकोस. दुपारी, शेतावरच्या बायांना सवड असेल अशी वेळ धर, अंगणवाडीत बसा. ‘पाण्याची अडचण मांडली’ एवढंच लिहिलं तर पुढे काहीच हलत नाही. कुठल्या वस्तीला, कुठल्या महिन्यांत, किती दिवसाआड पाणी येतं ते इतिवृत्तात यायला हवं. खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. मग तोच ठराव ग्रामसभेत वाचून विकास आराखड्यात घालायचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. तरी मागणी आराखड्यात नसेल तर तो पैसा दुसऱ्याच कामाकडे वळतो.

आता डोंगलचं, म्हणजे तुझी डिजिटल सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूचं. ऑनलाइन पैसे तुझ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) डिजिटल सहीनं जातात. तुझं डोंगल संगणक परिचालकाच्या खणात आणि पिन त्याच्या वहीत असेल, तर तुझी सही दुसराच कोणी करतोय. डोंगल तुझ्या पिशवीत ठेव. बिल, मोजमाप पुस्तिका आणि ठराव क्रमांक पाहिल्याशिवाय ते लावू नकोस. भाऊजींनी गाडीवरून आणून सोडावं, पण सभेत तुझ्या शेजारी बसू नये. हे त्यांना आजच सांग, नंतर सांगणं जड जातं.

सुरुवातीला लोक तुझं काम कमीच लेखतील. बीरभूममध्येच एक प्रयोग झाला होता. प्रधानाचं, म्हणजे तिकडच्या सरपंचाचं, तेच भाषण कुणाला पुरुषाच्या तर कुणाला बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे बाई प्रधान कधीच झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईला कमी गुण दिले. जिथे बायकांचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक जवळजवळ उरला नव्हता. तुमच्या गावात तू पहिलीच, म्हणून हे आधीच लिहिते आहे.

पहिल्या महिला सभेचं इतिवृत्त पक्कं करण्याआधी कच्चं मला पाठव. वाचून लगेच कळवते.

तुझीच,
सुनंदा