रात्री अडीचचा भांडखोर आणि विटाव्याचं पाणी

मा. संपादक,
स. न.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधला जेम्स व्हेल नावाचा रेडिओवाला गेला. ७४ वर्षांचा होता. मराठी पेपरात बातमी निदान माझ्या तरी बघण्यात आली नाही, आणि यायचं तसं कारणही नाही म्हणा, इकडे त्याला ओळखतो कोण. मी ओळखतो, म्हणजे आवाजाने. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं होतं, ते काल विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यात सव्वा तास अडकलो आणि आज लिहायला बसलो. विषय आपल्या एफएमवर लोकांना फोन करून बोलू देण्याचा.

संबंध काय ते सांगतो. २००७ ला मी ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये यूके प्रोसेसला होतो. न्यूकॅसल, लीड्सकडचे कस्टमर बोलायला लागले की हेडफोनमध्ये डाळ शिजतेय असं वाटायचं, सॉरी सर सॉरी सर करून माझ्या क्वालिटी स्कोअरची पार वाट लागली होती. ट्रेनर मॅडम म्हणाल्या, गाणी बंद कर, तिकडचा टॉक रेडिओ ऐक, सामान्य माणसं फोन करतात ते ऐक. मग शिफ्ट संपली की ड्रॉपची कॅब येईपर्यंत टॉकस्पोर्ट नावाचं तिकडचं स्टेशन लावायचो. दिवसभर फुटबॉल आणि रात्री दहाला हा व्हेल, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अडीच आणि त्यांची घड्याळं मागे गेली की साडेतीन.

आम्हाला नियम असा होता की कस्टमरने आईबहीण काढली तरी फोन आपण ठेवायचा नाही. आणि हा पठ्ठ्या लाइव्ह रेडिओवर कॉलरशी भांडायचा, मूर्खासारखं बोलू नको म्हणायचा आणि खाडकन लाइन कट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अक्षरशः खुर्चीतून उडालो. तरी लोक परत परत फोन करायचे, ट्रकवाले, नाइट ड्युटीवाले, झोप न येणारे म्हातारे, कारण तो भांडायचा म्हणजे आधी ऐकायचा ना! पुढच्याचं वाक्य धरून त्यालाच उलटा प्रश्न टाकायचा. नुसतं हो का, छान छान करणाऱ्याला असं भांडता येत नाही.

हे त्याचं काल-परवाचं नव्हतं. ब्रिटनमध्ये जमिनीवरून कायदेशीर खासगी रेडिओ सुरू झाला १९७३ ला, लंडनच्या एलबीसी स्टेशनपासून, तोवर सगळा बीबीसीचा कारभार. त्यानंतर थोड्याच दिवसांत हा न्यूकॅसलच्या मेट्रो रेडिओवर रात्रीचा शो करायला लागला, मग लीड्सला रेडिओ एअर. तिथला त्याचा शो १९८८ पासून कॅमेरे लावून टीव्हीवर पण दाखवायला लागले, आज सगळे पॉडकास्टवाले यूट्यूबवर तेच करतात. १९९५ ला टॉक रेडिओ नावाचं देशभर ऐकू येणारं स्टेशन निघालं, तिथे गेला, त्याचंच पुढे टॉकस्पोर्ट झालं.

२००८ ला तिथून हाकलला. लंडनच्या महापौराची निवडणूक होती आणि याने माइकवरून सरळ सांगितलं, बोरिस जॉन्सनला मत द्या. नोकरी गेली ती गेली, ऑफकॉम म्हणजे तिकडची नियम बघणारी संस्था, तिने स्टेशनला वर २० हजार पौंड दंड ठोकला. मला हे फार आवडलं, बोला हवं तेवढं पण प्रचार नको. हा मग एलबीसीवर गेला आणि परत भांडायला लागला.

माणूस काही संत नव्हता. २०१८ ला एका बाईने स्वतःवरच्या अत्याचाराबद्दल शोमध्ये सांगितलं आणि हा ते हसण्यावारी नेत राहिला, तेव्हा तो ज्या स्टेशनवर होता त्याने त्याला सस्पेंड केलं. बरोबरच केलं. दुसरीकडे २००० साली किडनीचा कॅन्सर झाला, एक किडनी काढली, तर पुढे त्याच आजाराच्या पेशंटसाठी याने संस्था काढली. २०२० ला कॅन्सर परत आला तरी काम सोडलं नाही, आजारपणाबद्दल पण माइकवर मोकळेपणी बोलायचा.

आता आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी १९९५, म्हणजे ते टॉक रेडिओ निघालं त्याच महिन्यात, आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००१ पासून खासगी एफएम आहे. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या नाहीत, लावायच्या तर आकाशवाणीच्या, त्याही आहेत तशा. चालू घडामोडींवर चर्चा नाहीच. ट्रॅफिक, हवामान चालतं, पाणी कधी येणार नाही हे पण चालतं, मात्र प्रशासनाने कळवलेलं. का येणार नाही हे विचारायला कोणी फोन करायचा नाही. टीव्हीवर आठ जण एकदम ओरडतात ते चालतं, यूट्यूबवर वाट्टेल ते चालतं, आणि पाच-पन्नास रुपयांच्या गाण्याच्या डब्याचीच भीती? हे लॉजिक मला तरी कळलेलं नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी असंच पाणी भरलेलं असताना मी एका एफएमला फोन लावला होता. चक्क लागला. म्हटलं, दरवर्षी इथेच पाणी साचतं, कोणीतरी अधिकाऱ्याला लाइनवर घ्या ना. तो आरजे हसला, म्हणाला सर यू आर सो क्यूट, गाणं कुठलं लावू? मी म्हटलं नको गाणं. तरी त्याने लावलंच. व्हेलने मला मूर्ख म्हटलं असतं, पण कुठला पूल, कोणाचा पूल, तुम्ही तक्रार कधी केलीत, हे नक्की विचारलं असतं, आणि माझीच पंचाईत झाली असती कारण लेखी तक्रार मी आजवर केलेली नाही.

तर म्हणणं एवढंच की रोज रात्री एक तास तरी ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला फोन करून बोलू द्या, निवडणुकीत प्रचार केला तर ठोका दंड. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा.

काल पाणी चढल्यावर रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, एफएम तेवढा चालू ठेवला. त्यावरची मुलगी म्हणाली, काय मस्त रोमँटिक वेदर आहे ना! मागे आम्ही तिघे होतो, पाय वर घेऊन बसलेले, कोणी हसलंसुद्धा नाही.

आपला,
एक वाचक, कळवा (ठाणे)