वर्षाच्या सहाशे रुपयांत कडी कशी बदलायची?

मा. संपादक,

चरई, खारकर आळी, उथळसर, महागिरी या जुन्या ठाण्यात पागडीची, म्हणजे मालकाला आधी एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली, लाकडी घरे अजून उभी आहेत. मजल्याचा सगळा भार कड्यांवर, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या आडव्या लाकडांवर असतो आणि कडी आधी कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाशी. मोरीचे पाणी झिरपते, कौले गळतात, पाठोपाठ वाळवी येते. मधला भाग खणखणीत वाजतो, पण टोकाला सुताराची पटाशी सहज आत जाते. आमच्याकडे हेच झाले आहे.

दहा फूट लांब, ४ बाय ६ इंचांची कडी म्हणजे साधारण १.६७ घनफूट लाकूड. सागाचा दर घनफुटाला ३,००० रुपये धरला तरी एका कडीचे नुसते लाकूड ५,००० रुपयांचे. १० बाय १२च्या खोलीला सव्वा फुटावर एक याप्रमाणे नऊ-दहा कड्या लागतात, म्हणजे ५० हजारांच्या घरात. शिवाय खालून टेकू, वरची लादी-कोबा उखडणे, नव्या फळ्या, वाळवीचे औषध, सुतार-गवंड्यांची मजुरी. आमची जमीन म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचे छत, त्यामुळे पैसे कोणी किती द्यायचे हा वाद आहेच. कंत्राटदार एकरकमी आकडा सांगतात, कोणत्या कड्या बदलणार ते लिहून देत नाहीत. फक्त टोकच गेले असेल तर तेवढे कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बोल्टने आवळता येतो, अख्खी कडी काढावी लागत नाही. मात्र आधी ओल थांबवली पाहिजे, नाहीतर तेही पैसे पाण्यात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची. नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरूने करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना २०० रुपये भाडे असेल तर वर्षाला ६०० रुपये. नुसत्या लाकडाचे ५० हजार फिटायला ८० वर्षांहून अधिक काळ लागेल! मालकालाच दोषी धरावे असेही मला वाटत नाही. एका खोलीमागे वर्षाला २,४०० रुपये येणारा माणूस तरी साग कुठून आणणार?

मुंबई शहरात १९६९च्या कायद्याने उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ स्थापन झाले, आज ते म्हाडाकडे आहे. तिथेही कामे रखडतात, पण दाद मागायला एक दार तरी आहे. ठाण्याला ते नाही. इथे महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत ‘सी-२बी’, म्हणजे घर रिकामे न करता दुरुस्ती, असा शेरा मिळतो आणि पुढचे सारे रहिवाशांच्या गळ्यात. दुरुस्ती रखडली की तेच घर ‘सी-१’मध्ये जाते, म्हणजे रिकामे करून पाडायचे. मग पागडीचा हक्क टिकवण्यासाठी म्हातारी माणसे टेकू लावलेल्या मजल्याखाली झोपतात.

राज्य सरकारने ठाण्यातील पागडीच्या घरांसाठी असे दुरुस्ती मंडळ नेमावे. उपकर लावा, आम्ही भरू. आणि ते होईपर्यंत निदान महापालिकेने ‘सी-२बी’च्या नोटिशीसोबत कोणती कडी बदलायची, कोणती सांधायची आणि प्रत्येकीला अंदाजे खर्च किती, याचा अभियंत्याच्या सहीचा कागद द्यावा. तो हातात असला तर मालक, वरचे आणि खालचे बिऱ्हाड एकत्र बसून वर्गणी ठरवू शकतील.

– एक भाडेकरू, चरई, ठाणे (प.)