हायब्रिड की साधी पेट्रोल? जालना रोडवरचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुमारास आपल्या वाहनविषयक पानावर हायब्रिड गाड्यांबद्दल, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या गाड्यांबद्दल, लेख आला होता. हायब्रिड घ्या आणि पेट्रोलची चिंता सोडा, असा एकूण सूर. तो कापून मी फ्रिजवर चिकटवला, कारण आमच्या घरी तेव्हा तोच घोळ चालू होता. आमची २०१२ची छोटी पेट्रोल गाडी आता थकली आहे. एसी लावला की ट्रकला ओव्हरटेक करायचा विचार सोडून द्यावा लागतो. मी कर सल्लागार आहे. राहते जुन्या जालन्यात आणि आठवड्यातून तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला, उस्मानपुऱ्यातल्या क्लायंटकडे जाते. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, वर्षाचे साधारण १८ हजार. हे आकडे आधीच सांगून टाकते, कारण लेखात नेमकं एवढंच विचारलेलं नव्हतं: गाडी कुठल्या रस्त्यावर आणि किती चालणार?

भाऊबीजेला धाकटा भाऊ पुण्याहून आला, तो नवी हायब्रिड घेऊन. आठ दिवस आम्ही गाड्यांची अदलाबदल केली. त्याने माझी म्हातारी नेली, मी त्याची ठेवली. टाकी एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिला कट पडेपर्यंत भरायची आणि वहीत लिहायचं, हा माझा शिरस्ता. सवयच तशी.

माझ्या रस्त्याचे दोन तुकडे आहेत. जालन्याहून बदनापूर, करमाड, शेंद्र्यापर्यंत मोकळा चौपदरी. तिथे गाडी ८०-९०ने चालते. केंब्रिज चौक आला की खेळ बदलतो. चिकलठाणा, मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका, क्रांती चौक. रिक्षा, सिग्नल, पुन्हा रिक्षा. पहिल्याच दिवशी मुकुंदवाडीच्या सिग्नलला इंजिन आपोआप गप्प झालं. दवाखान्यासाठी बरोबर आलेल्या सासूबाई मागून म्हणाल्या, "बंद पडली का काय गं?" एसी चालू, काटा शून्यावर, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी आवाज न करता पुढे सरकली. त्यांचा तेव्हाही विश्वास बसला नाही. शेजारचा रिक्षावाला मात्र वाकून बघत होता.

हायब्रिडचं सगळं कसब ते हेच. ब्रेक दाबला की साध्या गाडीत जी ताकद चकत्या तापवण्यात वाया जाते, ती इथे मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत भरते आणि पुढच्या सिग्नलला वापरते. म्हणून केंब्रिज ते क्रांती चौक या तुकड्यात पडद्यावर लिटरला २७चा आकडा दिसला. शेजारच्या डॉक्टरीणबाईंची दोन वर्षांची छोटी पेट्रोल गाडी मी पुढच्या आठवड्यात मागून आणली. तिने त्याच तुकड्यात १३ दिले. दुप्पट! इथवर लेख खरा.

पण शेंद्र्याच्या अलीकडे? ९०च्या चालीत ब्रेकच लागत नाही, मग भरायचं काय आणि वाचवायचं काय? हायब्रिड २२, छोटी पेट्रोल २१. रविवारी समृद्धीने शिर्डीला गेलो. ११०ने हायब्रिड १७च्या वर चढेना. टाकी ते टाकी हिशेबात हायब्रिडने २२.४ दिले, डॉक्टरीणबाईंच्या गाडीने १८.

जाहिरातीतले आकडे वेगळे असतात. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला (म्हणजे नुसत्या बॅटरीवरही चाकं फिरवू शकणाऱ्या) लिटरमागे २७.९७ किलोमीटर असं प्रमाणित मायलेज आहे. ते प्रयोगशाळेत, गाडीची चाकं रोलरवर फिरवून काढतात. ज्या ठरावीक चालीने फिरवतात तिला इंग्रजी आद्याक्षरांनी एमआयडीसी म्हणतात (आपल्या चिकलठाण्याच्या एमआयडीसीशी संबंध नाही, तिथली चाल त्याहून वाईट आहे), आणि तिच्यात वेग ९०च्या वर जातच नाही. त्यात मे महिन्यातलं आपलं ४२-४३ अंशांचं ऊन नाही, मागे बसलेली तीन माणसं नाहीत, आणि पंपावर आता जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. उसाच्या पट्ट्यातल्या लोकांनी याबद्दल तक्रार करू नये म्हणतात, म्हणून इथेच थांबते.

या हायब्रिडमधली बॅटरी किती असावी? ०.७६ किलोवॉट-तास, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. घरातला दीड टनाचा एसी तेवढ्यावर अर्धा तास चालेल. त्यामुळे ती नुसत्या विजेवर जालन्याहून बदनापूर गाठेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती बॅटरी साठवणीची नाही; पैसे येतात-जातात तशा गल्ल्यासारखी आहे.

आता पैशांचं. लिटर १०५ रुपये धरला. छोट्या पेट्रोल गाडीला वर्षाला १,००० लिटर, १ लाख ५ हजार रुपये. हायब्रिडला ८०४ लिटर, सुमारे ८४ हजार ४००. वाचले साडेवीस हजार. माझ्या हातातल्या कोटेशनप्रमाणे छोटी पेट्रोल रस्त्यावर ९ लाख ४० हजारांना पडते, हायब्रिड १९ लाख ८० हजारांना. फरक वसूल व्हायला ५० वर्षं लागतील. मी तेव्हा ९७ वर्षांची असेन.

ही तुलना अन्यायाची आहे, असं भाऊ म्हणाला. बरोबर आहे, ती गाडीही मोठी आहे. मग त्याच मॉडेलची साधी आणि हायब्रिड अशी तुलना केली. एका क्लायंटकडे साधी आहे, ती त्याला साडेसोळा देते. फरक ३ लाख २० हजार, वर्षाची बचत ३० हजार. म्हणजे साडेदहा वर्षं. पण हे ३ लाख २० हजार बँकेकडून ९ टक्क्यांनी घेतले तर पहिल्या वर्षाचं व्याजच २८ हजार ८०० होतं. पंपावर वाचलेलं बँकेत भरायचं. भावाचं तसं नाही, तो हिंजवडीला रोज दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वाहतुकीत असतो. त्याने घेतली ते शहाणपणाचंच केलं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं नाही, इथे सांगते.

किमतीत एवढी दरी का, हे आमच्या धंद्यातलं असल्याने सांगता येतं, आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी छोट्या पेट्रोल गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून २९ टक्के होते, मोठ्या हायब्रिडवर ४३. त्या दिवसापासून छोटीवर १८ आणि हायब्रिडवर ४०. दोन्ही स्वस्त झाल्या म्हणून पेढे वाटले गेले, पण दोघींतलं अंतर १४ टक्क्यांवरून २२वर गेलं. चार मीटरच्या आत आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडलाही १८ टक्केच आहेत! फक्त तशी हायब्रिड मी शोरूम फिरत होते तेव्हा एकाही कंपनीकडे नव्हती. होत्या त्या सगळ्या १,५०० सीसीच्या आसपास किंवा पुढे, आणि चार मीटरपेक्षा लांब. दार उघडं आहे, आत माणूस नाही.

शोरूमचं नाव लिहीत नाही, पण तिथला एक प्रसंग लिहायलाच हवा. मी हायब्रिड विचारली तर एक गाडी दाखवली, भावाच्या गाडीपेक्षा तीन लाखांनी स्वस्त. मागे बिल्ला होता, पोरगा उत्साही होता. मी विचारलं, "सिग्नलला इंजिन बंद असताना बॅटरीवर पुढे जाते का?" तो म्हणाला, "मॅडम, हायब्रिडच आहे ना." तीनदा विचारलं, तीनदा हेच. शेवटी माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडलं, माइल्ड. माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर असते, ती इंजिनाला जरा हात देते. एकटीने चाकं फिरवू शकत नाही. माझ्या आधी त्याच टेबलावर बसलेले परतूरचे एक गृहस्थ तीच गाडी बुक करून उठले. त्यांना काय सांगितलं गेलं असेल, याचा विचार घरी येईपर्यंत डोक्यात होता. आपल्या पानावर यापुढे हायब्रिड हा शब्द छापाल तेव्हा स्ट्राँग की माइल्ड, एवढं आधी लिहा, ही माझी पहिली विनंती.

बॅटरी गेली की अर्धी गाडी गेली, ही भीती मात्र मी मनातून काढली. टोयोटा, मारुती, होंडा तिघेही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. माझी अडचण वेगळी होती. इतकी वर्षं आमची गाडी सांभाळणाऱ्या मिस्त्रींना मी भावाच्या गाडीचं बोनेट उघडून दाखवलं. आत जाड नारिंगी वायरी होत्या. त्यांनी हात मागे बांधले. "ताई, ऑइल बदलीन, या नारिंगीला हात लावणार नाही. पोरंबाळं हायेत मला." त्यांचं चुकत नाही, उच्च दाबाची वायर ओळखू यावी म्हणूनच तो रंग असतो. पण मग नारिंगीचं काहीही निघालं की शोरूमची वाट धरणं आलं. शिवाय बॅटरी गार ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून जाते. त्या जाळीवर सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ज्वारीची पिशवी ठेवली होती. भावाला अजून सांगितलेलं नाही.

सीएनजी का नाही, असं लोक विचारतात. मला रांगेत उभं राहायचं नाही. विजेची गाडी? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि गाडी गल्लीत उभी असते. विषय संपला.

आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनबद्दल. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. सुमारे २० हजार कोटींची गुंतवणूक, बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचा कारखाना. आमच्याकडे सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, मलाही. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता आणि आपल्याकडेही तसंच करा, अशी मागणी काही जण करतात. मला ती पटत नाही. २० लाखांची गाडी घेणाऱ्याचे दोन लाख सरकारने का भरावेत? त्यापेक्षा बिडकीनमधून चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीची, १८ टक्क्यांत बसणारी एक हायब्रिड निघावी, जी पैठणच्या शिक्षकाला आणि जालन्याच्या हिशेबनिसाला परवडेल. लोकप्रतिनिधींनी आणि आपल्या दैनिकाने कंपनीला विचारायचा प्रश्न हा आहे. कारखान्यात किती नोकऱ्या मिळणार हे विचारून झालंच आहे.

मी छोटी पेट्रोल घेतली. मॅन्युअल, पांढरी, कारण पांढऱ्यावर करमाडची धूळ लपते. मागच्या आठवड्यात ताब्यात आली. भावाला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "मुकुंदवाडीला माझ्या गाडीची आठवण येईल बघ." तीन दिवस झाले, रोज येते.

कळावे,
आपली,
एक कर सल्लागार वाचक, जुना जालना