इमर्जन्सी ऑपरेशनचा नंबर कसा लागतो ते केसपेपरवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रात्री कॅज्युअल्टीत चार-पाच पेशंट ऑपरेशनला थांबलेत आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) एकच चालू, हे कोल्हापुरात काय नवीन नाही, चंदगड, गगनबावड्यापासून पार कोकणातनं पेशंट इथंच येतात. बाहेर बसलेल्यांना वाटतं आम्ही आधी आलोय तर आमचा नंबर आधी, आणि नाही लागला की कुणीतरी नगरसेवकाला फोन लावतंच. हे फोन बंद झाले पाहिजेत, कारण त्या फोनमुळं एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

2013 मध्ये इमर्जन्सी सर्जन लोकांच्या जागतिक संघटनेनं कुणाचं ऑपरेशन किती तातडीनं करायचं हे ठरवायला पाच गट सुचवलेत. आत रक्तस्राव चालू असेल तर ताबडतोब, आतडं फुटून पोटभर इन्फेक्शन झालं असेल तर तासाभरात, साधं अॅपेंडिक्स बारा तासांत, असं. डेन्मार्कच्या एका अभ्यासात पोटातला अल्सर फुटलेल्या पेशंटची जगण्याची शक्यता ऑपरेशनच्या उशिराच्या प्रत्येक तासाला 2.4 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. उलट न फुटलेलं अॅपेंडिक्स 8 तासांत काढलं काय आणि 24 तासांत काढलं काय, फुटण्याचं प्रमाण सारखंच, हे 2023 च्या फिनलंड-नॉर्वेच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे मागं ठेवलेल्या पेशंटवर दरवेळी अन्यायच होतो असं नाही.

पण खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचं काय? ती मरणाच्या दारात दिसत नाहीत म्हणून रोज मागं ढकलली जातात. माझ्या आत्याला रात्रीपासून उपाशी ठेवायचे आणि दुपारी सांगायचे आज जमत नाही, उद्या बघू, आणि कारण कुणी सांगायचं नाही. 2020 मध्ये भारतासह 17 देशांत झालेल्या अभ्यासात अशा पेशंटांचं ऑपरेशन लवकर केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत हे खरं, पण भ्रम होणं कमी झालं, माणसं लवकर उभी राहिली आणि लवकर घरी गेली. म्हातारपणी अंथरुणात गेलेले जास्तीचे दोन दिवस किती महाग पडतात ते घरच्यांनाच विचारा.

माझी मागणी एवढीच, सरकारी असो की खाजगी, प्रत्येक हॉस्पिटलनं केसपेपरवर पेशंटचा गट, ऑपरेशन ठरल्याची वेळ आणि ओटीत घेतल्याची वेळ लिहावी, नंबर मागं गेला तर डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून नातेवाइकांना कारण सांगावं, आणि खुब्याच्या केसेससाठी दिवसा ओटीत वेळ राखून ठेवावा.

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर