चौथी पाकळी कुठून आली? आयरिसवाल्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आयरिस या कंदापासून वाढणाऱ्या फुलझाडाच्या वाफ्यात भलतंच फूल उमललं की कुणी ते उपटून टाकतं, कुणी नवी जात सापडली म्हणून मिरवतं. तुम्ही दोन्हीला आवर घातलात. आधी मोजा, मग दांड्याचा माग जमिनीपर्यंत काढा आणि पुढचा बहर येईपर्यंत नाव देऊ नका, हा तुमचा धोशा. आयरिस लावणाऱ्या आम्हा मंडळींच्या शंकांना तुम्ही इतका काळ न कंटाळता उत्तरं दिलीत, त्याबद्दल हे आभार. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून भागण्यासारखं नाही, म्हणून तुमच्याकडून नेमकं काय मिळालं तेच मांडतो. इतरांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट मोजणीची. आयरिसचं सगळं तीनच्या हिशेबात चालतं: खाली झुकलेल्या तीन पाकळ्या (दाढीवाल्या आयरिसमध्ये दाढी, म्हणजे केसाळ पट्टा, यांच्यावरच), उभ्या तीन, मधे कुक्षीवृंताच्या (अंडाशयावरच्या दांड्याच्या) पाकळीसारख्या तीन शाखा आणि प्रत्येकीच्या आड एक पुंकेसर. ‘चार पाकळ्यांचं फूल’ एवढं सांगून काही कळत नाही. झुकलेल्या चार, उभ्या चार, शाखाही चार असतील, तर कळी घडतानाच तिचा हिशेब तीनवरून चारवर गेला. उभी पाकळी अर्धवट खाली कलली आहे आणि तिच्यावर दाढीचा पुसट पट्टा आहे, तर एका पाकळीने दुसरीचं रूप घेतलं. शाखा पाच-सहा आणि फूल आडवं पसरलेलं असेल, तर बहुधा दोन कळ्या एकमेकींना चिकटल्या आहेत. फूल सुकल्यावर त्याखालचा अंडाशय ब्लेडने आडवा कापून कप्पे मोजण्याची तुमची युक्ती तर बिनतोड. तीन कप्पे म्हणजे गडबड वरवरची, चार म्हणजे मुळापासूनची. जपानी आयरिसच्या कित्येक जातींत सहा पाकळ्या पसरलेल्या असतात, तो मात्र त्यांचा नेहमीचा थाट. तिथे नवल करू नये.

अशी चौपदरी फुलं पुष्कळदा दांड्याच्या टोकाच्या कळीवरच का दिसतात, याचं उत्तरही तुम्हीच दिलंत. टोकाची कळी आधी घडते, बाजूच्या मागाहून. दांडा डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी, पानांच्या पंख्यात खोल दडलेली असताना तिची घडण सुरू होते. त्या दिवसांत उबेनंतर एकदम कडाका पडला, तर नेमकी त्या टप्प्यावरची कळी बिघडते आणि बाजूच्या कळ्या नीट उमलतात. पट्टीसारखा चपटा झालेला, दोन दांडे जुळल्यासारखा दांडाही बऱ्याचदा असा एखाद्या बहरापुरता पाहुणा असतो. कापून फुलदाणीत लावावा, बाकी काही करू नये.

सगळ्यात मोठे उपकार तणनाशकाच्या बाबतीतले. पाकळ्या रिबिनीसारख्या अरुंद, चुरगळलेल्या, दांडा आखूड, कधी फूल पानांच्या बेचक्यातच अडकून उमललेलं. असं दिसलं की सगळे रोग शोधत बसतात आणि बुरशीनाशक फवारतात. तुम्ही विचारायचात, “मागच्या हंगामाच्या शेवटी आजूबाजूला ग्लायफोसेट मारलं होतं का?” आयरिसची पानं उशिरापर्यंत हिरवी राहतात. त्यांच्यावर उडालेले तुषार अन्नरसाबरोबर जमिनीलगतच्या आडव्या कंदात उतरतात आणि वाढीच्या कोंबांशी साठतात. पानं धड दिसतात आणि घाव पुढच्या बहरात उघडा पडतो. मधे इतके महिने जातात की फवारणीची आठवणही राहत नाही.

थंडीचा फटका आणि तणनाशकाचा फटका वेगळा कसा ओळखायचा? वाफ्याचा नकाशा काढायचा. थंडीने बिघडलेली फुलं वाफाभर विखुरलेली असतात, एकाच टप्प्यावर कळ्या असलेल्या निरनिराळ्या जातींत. तणनाशकाची एका कडेला दाटलेली असतात, पायवाटेच्या किंवा कुंपणाच्या बाजूला, आणि आत जावं तशी विरळ होतात. यावर उतारा म्हणून मारण्यासारखं काहीच नाही. जास्तीचं खत घालून घाई केली तर कंद मऊ पडून सडायची भीती वाढते. मार हलका असेल तर बाजूला फुटणारे नवे कंद पुढे नीट फुलतात. जबर असेल तर झाड हळूहळू बसतं. कंदांच्या आसपासचं तण हातानेच उपटावं. अगदीच नाइलाज असेल तर औषध ब्रशने तणाच्या पानालाच लावावं, वारा पडलेला असताना.

आता रंग. ‘आमचे पिवळे आयरिस जांभळे झाले’ ही तक्रार तुम्ही किती वेळा ऐकली असेल! कंदापासून वाढलेलं रोप आईची हुबेहूब प्रत असतं, सगळा वाफा एकदम रंग बदलत नाही. होतं असं की शेजारची दणकट जुनी जात पसरत येते आणि नाजूक पिवळी तिच्याखाली दबून जाते. किंवा बोंड झाडावरच पिकून फुटतं, बी तिथेच रुजतं आणि दोन-तीन वर्षांनी भलत्याच रंगाचं फूल देतं. म्हणून दांडा बोटांनी धरून थेट कंदापर्यंत जायचं आणि माती बाजूला करून तो कोणत्या कंदाला जोडलेला आहे ते पाहायचं. वरून पानं पाहून कधीच कळत नाही. फूल ओसरलं की अंडाशयासकट खुडून टाकलं तर निम्मी भानगड उद्भवतच नाही.

छटा गडद-फिकी होणं हे तर हवामानाचंच काम. पांढऱ्या पाकळीला टिपक्या-रेघांची किनार असलेल्या जातींत ही नक्षी थंड हवेत दाट उतरते. ‘बॅटिक’सारख्या शिंतोडे उडवल्यासारख्या जातींची दोन फुलं सारखी नसतातच, तीच त्यांची ओळख. शरद ऋतूत आलेलं फूलही दर वेळी चमत्कार नसतो. पांढरी ‘इम्मॉर्टॅलिटी’ (नोंदणी 1982) दुसऱ्यांदा फुलते म्हणूनच लावली जाते. मात्र पानांवर फिकट पट्टे, खुजी वाढ आणि पाकळीवर रंगाचे तुटक ओरखडे असं तिन्ही एकत्र दिसलं, तर मोझॅक विषाणूचा संशय घ्यावा, मावा आवरावा आणि कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याआधी निर्जंतुक करावी.

एवढं सगळं वजा करून उरतो तो खरा ‘स्पोर्ट’, म्हणजे झाडातच घडलेला पक्का बदल. तो विरळाच. त्याची पारख तुमच्याच पद्धतीने आम्ही पुढे देत असतो. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बगलेतले नवे कंद फुलतात. म्हणून फूल ताजं असतानाच दांड्याच्या बुडाशी त्या कंदालाच रंगीत दोरा बांधायचा. मातीत खोचलेली पट्टी कंद सरकले की दुसऱ्याचीच होते. बहर संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी गड्डा उकरून बगलेतले कंद सुटे करायचे, पानं साधारण 15 सेंटिमीटरवर छाटायची आणि प्रत्येक कंद वेगळा, 30 ते 45 सेंटिमीटर अंतरावर, पाठ जेमतेम मातीच्या वर राहील असा लावायचा. लागोपाठ दोन बहर सगळ्यांनी तेच रूप दाखवलं तर बदल पक्का. एकाने दाखवलं आणि बाकीच्यांनी नाही, तर बदल कंदाच्या एखाद्या भागापुरता असू शकतो. मग त्या एकाच्याच बगलेतले कंद पुन्हा सुटे करून पाहायचे. त्यातून काही टिकलंच, तर नोंदणीसाठी अमेरिकन आयरिस सोसायटी आहेच. कांद्यासारख्या गाठीच्या आयरिस सोडून बाकी आयरिसच्या जातींची नावं जगभरासाठी तीच नोंदवते.

तुमच्या कित्येक उत्तरांचा शेवट ‘हा स्पोर्ट नाही’ असाच व्हायचा, आणि तरी पुढचा माणूस हिरमुसला व्हायचा नाही, कारण फूल असं का झालं ते त्याला कळलेलं असायचं. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले नम्र,
आयरिस लावणारे आम्ही सारे

ता. क. – नावाच्या पट्ट्यांवर शाईऐवजी साध्या पेन्सिलीने लिहावं, ही तुमची सूचना आता सगळ्यांनी उचलली आहे. उन्हापावसात मार्करचं अक्षर उडतं, पेन्सिलीचं टिकतं.