पेंटरकाका, पुस्तक पाठवतोय

तीर्थस्वरूप पेंटरकाका,
सा. न.

सोबत पुस्तक आहे. ६४ पानं, गोष्ट माझी, चित्रंही माझी. अक्षरं तेवढी नीट बघा.

आठवीत होतो. अमर चित्र कथेचं ‘कृष्ण’ वाचून डोक्यात भूत शिरलं होतं. त्यातली चित्रं राम वाईरकरांची. (‘टिंकल’मधला वेंधळा सुप्पांडीही त्यांच्याच हातचा, हे फार उशिरा कळलं. कुठे तो कृष्ण आणि कुठे हा सुप्पांडी!) मग मी पाठकोऱ्या कागदांवर एका पैलवानाचं बारा पानी कॉमिक काढलं आणि गणपती पेठेत तुमच्याकडे घेऊन आलो. तुम्ही किराणा दुकानाची पाटी रंगवत होता. कुंचला खाली न ठेवताच म्हणालात, “पैलवान झकास. पण तोंड उघडून बसलाय, त्याच्या शब्दांना जागा कुठाय?”

जागा नव्हतीच. संवाद उरल्यासुरल्या कोपऱ्यात कोंबले होते.

तुम्ही मला ‘शूर’ आणि त्याच्या बरोबर खाली ‘कीर्ती’ लिहायला लावलंत. वरचा ऊकार थेट खालच्या वेलांटीत घुसला. “आपल्या अक्षराला डोक्यावर छत्री लागते नि पायाखाली पाट,” असं म्हणून दोन ओळींत बोटभर अंतर सोडायला शिकवलंत. आजही मी आधी संवादाचे फुगे आखतो, मग चेहरे. इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात मराठी बसवायचं काम आलं, की तुमची छत्री आठवते.

पहिल्या ३२ पानांचे पैसे आठ महिने अडकले होते. कोणाकडे ते सोडा. त्या उन्हाळ्यात शाळेच्या भिंतीवर पाढे आणि महाराष्ट्राचा नकाशा रंगवायचं काम तुम्ही मला दिलंत. फ्लेक्स आल्यापासून तुमच्याकडेच कामाची बोंब होती, हे मला काकूंकडून नंतर समजलं. तेव्हा मी मजुरी मोजून घेतली होती, काका. आभार मानायचे राहिले, ते आज मानतोय.

पान १७ वर एक पाटी आहे: ‘कृपया उधार मागू नये’. तुमच्या वळणाचा ‘ध’ काढायला गेलो, पण पोट बिघडलंय. कुठे चुकतंय, ते पुस्तकावरच पेन्सिलीने काढून दाखवा. मी दिवाळीत येतोय.

आपला,
पैलवानवाला पोरगा