बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "ऑपरेशनचं एवढं नाही गं, पण दवाखान्यातून नवीन काही दुखणं घेऊन येऊ नये म्हणजे झालं." आई, तुझी भीती अगदी बरोबर जागी आहे. वॉर्डातली ड्युटी सोडून मी हल्ली जे काम करते ते नेमकं हेच, दवाखान्यात आलेल्या माणसाला तिथला जंतू लागू नये याची राखण. पण फोनवर सांगायला घेतलं की बाबा नुसतं "हं, हं" करतात आणि मागे बातम्यांचा आवाज वाढतो. म्हणून हे पत्र.

बाबांना आकडे लागतात, ते आधी देते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो की श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या १०० रुग्णांमागे साधारण ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच एखादा तरी संसर्ग होतो. आणि यातला मोठा भाग टाळता येण्यासारखा असतो, तोही महागड्या यंत्रांनी नाही, हात धुण्यासारख्या साध्या गोष्टींनी.

हातांबद्दल सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. एका पेशंटची नाडी बघितलेला हात दुसऱ्याच्या ड्रेसिंगला लागतो, मग फाइलला, मोबाइलला, पलंगाच्या कठड्याला. जंतूंना पाय नसतात, त्यांची ने-आण आपणच करतो. पलंगाशी हँडरबची, म्हणजे हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या औषधाची, बाटली असते. पसाभर घेऊन बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याला, नखांच्या टोकांना २० ते ३० सेकंद चोळायचं आणि हात आपोआप वाळू द्यायचे, पदराला पुसायचे नाहीत. हात दिसायलाच मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील, तर मात्र साबण आणि पाणीच. जुलाबाचे काही जंतू त्या अल्कोहोलला दाद देत नाहीत.

आता अवघड भाग. डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुता बाबांच्या टाक्यांना हात लावायला आले तर? आई, तू गप्प बसणार हे मला माहीत आहे. "एवढे शिकलेले लोक, त्यांना आपण काय सांगायचं." बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात, म्हणून व्हिएन्नाची गोष्ट सांगते. १८४७ साली तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरायच्या. तिथे दाखल करू नका म्हणून त्या अक्षरशः हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की शिकाऊ डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येतात. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १०० तल्या १८ बायका मरत होत्या, उन्हाळ्यात तो आकडा २ च्या आसपास आला. तरीही कितीतरी बड्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. आमच्यासारख्या सभ्य माणसांचे हात घाण कसे असतील, हा त्यांचा राग. त्या रागापायी किती बायका गेल्या असतील!

त्यामुळे विचारायचं. भांडायचं नाही. "सिस्टर, बाटली इकडे आहे बघा," एवढं म्हटलं तरी चांगल्या माणसाला कळतं. मी स्वतः सिस्टर आहे. पेशंटच्या बायकोने असं म्हटलं तर मला राग येत नाही, क्षणभर ओशाळल्यासारखं होतं, आणि तेवढं व्हायलाच हवं. हातमोजे घातलेत म्हणून निर्धास्त राहू नका. मोजे बदललेच नाहीत तर फक्त घालणाऱ्याचा बचाव होतो, बाबांचं त्यात काही भलं नाही. त्याच मोज्यांनी शेजारचा पलंग ओढून कोणी इकडे आलं तर मोजे बदलायला सांगा.

चपला बाहेर काढायच्या पाटीवरून मात्र कोणाशी वाद घालू नका. जमिनीवरचे जंतू उडी मारून गुडघ्यात शिरत नाहीत. फक्त चप्पल हाताने उचललीत तर नंतर हात धुवा.

बाबांच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसणार आहे. अशा धातूवर जंतू बसले की स्वतःभोवती चिकट थर करतात, औषध आतपर्यंत पोचत नाही, आणि कधीकधी तो सांधाच काढावा लागतो. म्हणून ऑपरेशनआधीची तयारी महत्त्वाची. बाबा, गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने किंवा ब्लेडने काढू नका, आपल्या न्हाव्याकडूनही नको. ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, जंतूंना तेवढं पुरतं. गरज असलीच तर तिथले लोक मशीनने काढतील. टाचांच्या भेगा, हिरडीतून येणारं रक्त, लघवीची जळजळ, यातलं काहीही असेल तर आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. "त्याचा गुडघ्याशी काय संबंध" असं म्हणू नका. रक्तातून जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचतात.

चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. ते वेळेवर मिळणं मोलाचं. पण नंतर "डॉक्टर, जरा स्ट्राँग गोळ्या द्या, आठवडाभर द्या" असा आग्रह कुणी धरू नका. आपल्याकडे हे फार चालतं. जास्त दिवस औषध घेऊन जखम जास्त सुरक्षित होत नाही. औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे तयार होतात.

लघवीची नळी घातली असेल तर आईने रोज राउंडला एकच प्रश्न विचारायचा, "आज काढायची का?" नळी असेपर्यंत दर दिवशी ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू सापडू लागतात. पिशवी कंबरेच्या खाली लटकलेली हवी, पण फरशीवर टेकलेली नको. हातातल्या इंट्राकॅथची, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घातलेल्या बारीक नळीची, जागा लाल झाली, दुखायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच सांगायचं.

आणि गाव. हा माझा खरा धसका. पहिल्या दोन दिवसांत भावकीतली निम्मी माणसं जीप करून येणार, पलंगावर बसणार, बाबांचा पाय चाचपून बघणार. आत्या देवाचा अंगारा आणेल. अंगारा कपाळाला लावू दे, पट्टीला नाही. हळद तर नाहीच. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने फोनवर विचारपूस करावी. दादाला दारात उभं करा, त्याच्यात तेवढा तुसडेपणा आहे. आई, रात्री तूच सोबत राहशील. जेवायच्या आधी, बाथरूमहून आल्यावर आणि बाबांना हात लावण्याआधी बाटलीचा उपयोग कर. दुसऱ्याच्या पेशंटला प्रेमाने पाणी पाजायला जाऊ नकोस, गेलीस तर परत येताना हात चोळ.

माझी रजा मंजूर झाली आहे, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पोचते. त्या रात्री आणि सकाळी बाबांनी साबणाने अंघोळ करायची आहे, धुतलेला टॉवेल वेगळा काढून ठेव. तोवर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून रिपोर्टचा फोटो पाठवा. ती जास्त निघाली तर तारीख पुढे गेलेली बरी, त्यावरून बाबांनी चिडायचं नाही. दाढ दाखवायचं गेल्या दिवाळीपासून राहिलंय, तेही याच आठवड्यात उरका.

तुमची,
सुमी